माळ्यावरच्या टेपा आणि मळवलीचं रॉक

मुंबईहून पुण्याकडे जाताना लोणावळ्यानंतर मळवली लागतं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे उतरणाऱ्यांच्या वाटा ठरलेल्या असतात. कुणी एक्स्प्रेस वे ओलांडून भाज्याच्या लेण्यांकडे वळतं, कुणी लोहगड-विसापूरला, कुणी कार्ल्याच्या एकवीरेला. १९७१ मध्ये मात्र शहरातली तरुण मुलं इथे वेगळ्याच ओढीने आली होती. ‘स्नेहयात्रा’ नावाचा रॉक संगीताचा उत्सव मळवलीत उघड्या आभाळाखाली भरला होता. अमेरिकेतल्या वुडस्टॉकला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. साहजिकच पुढे जो तो स्नेहयात्रेला ‘भारताचं वुडस्टॉक’ म्हणू लागला.

वुडस्टॉकवर चित्रपट निघाला, तीन एलपींचा संच निघाला आणि तिथल्या गिटारींचे स्वर जगभर पोचले. मळवलीचा आवाज मात्र दुकानात कधीच आला नाही. पत्रकार सिद्धार्थ भाटिया यांनी २०१४ साली ‘इंडिया सायकेडेलिक’ हे इंग्रजी पुस्तक लिहून त्या पिढीची कहाणी सविस्तर सांगितली. त्यामुळे त्या वेळचे बँड, क्लब आणि स्पर्धा आपल्याला माहीत आहेत. वाचायला भरपूर आहे, ऐकायला फार थोडं.

तसा मावळाला वाद्यांचा गजर नवा नाही. भाज्याच्या ज्या विहारात सूर्याचं प्रसिद्ध शिल्प आहे, तिथेच एक स्त्री दोन वाद्यांवर दोन हात ठेवून वाजवते आहे आणि तिच्याजवळ दुसरी नाचते आहे. तबल्याचं मूळ शोधणारे अभ्यासक या शिल्पापर्यंत येतात. कार्ल्याच्या डोंगरावर चैत्रात एकवीरेची यात्रा भरते. मुंबई-ठाणे-रायगडचे कोळी पालख्या घेऊन वाजतगाजत चढतात. एकवीरेच्या गाण्यांनी आधी कॅसेट गाजवली, मग सीडी आणि आता मोबाइल. त्याच डोंगराच्या पायथ्याजवळ १९७१ मध्ये वाजलेल्या इलेक्ट्रिक गिटारी मात्र कुठल्याच खोक्यातून बाहेर आल्या नाहीत. कोळीगीतांमागे गावोगावचा श्रोता उभा होता, कॅसेट कंपन्या उभ्या होत्या. रॉकवाल्यांच्या मागे उभं राहायला कुणी नव्हतं.

ही मुलं होती तरी कोण? मुंबई, बंगळूर, कलकत्ता, मद्रास, शिलाँग अशा शहरांतली, बहुतेक कॉलेजातली. बीटल्स, रोलिंग स्टोन्स आणि जिमी हेंड्रिक्स यांच्या रेकॉर्डी परदेशातून आलेल्या नातेवाइकांकडून किंवा जहाजावरच्या खलाशांकडून मिळवायच्या, सुई मागे घेत घेत पुन्हापुन्हा ऐकायच्या आणि सूर कानाने उचलायचे, अशी त्यांची तालीम. परदेशी गिटारवर भरमसाट जकात, म्हणून कलकत्त्याची ‘गिवसन’ हातात घ्यायची. अँप्लिफायर तर ओळखीच्या रेडिओ मेकॅनिकला पटवून जुळवून घ्यायचा. मुंबईत ताजमहाल हॉटेलमधलं ‘ब्लो अप’ आणि कुलाब्याचं ‘स्लिप डिस्क’ ही वाजवण्याची ठिकाणं होती. कलकत्त्याहून ‘ज्युनियर स्टेट्समन’ म्हणजे ‘जेएस’ हे साप्ताहिक निघायचं. या बँडच्या बातम्या छापणारं ते हक्काचं पान होतं आणि १९७७ मध्ये तेही बंद पडलं.

सगळ्यांत मोठं व्यासपीठ दिलं ते एका सिगारेटने. इंपीरियल टोबॅको कंपनीने आपल्या ‘सिमला’ सिगारेटच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ ही देशभरातल्या बँडची स्पर्धा भरवली. तिची अंतिम फेरी मुंबईत षण्मुखानंद सभागृहात व्हायची. निवडक बँडची गाणी घेऊन १९७० आणि १९७१ मध्ये दोन एलपी काढल्या गेल्या. कंपनीच्या लेखी तो जाहिरातीचा खर्च होता. आज त्या काळचं भारतीय रॉक कानांनी ऐकायचं तर याच दोन तबकड्यांचा मोठा आधार आहे. पुढे परदेशातल्या शौकिनांनी त्या शोधून पुन्हा छापल्या. त्यांवरचे काही बँड एका गाण्यापुरतेच उरले आहेत: एवढंच एक ध्वनिमुद्रण आणि बाकी सगळी शांतता.

‘ह्यूमन बाँडेज’चं उदाहरण घ्या. बंगळूरचा हा बँड त्या पिढीतला सगळ्यांत तयारीचा मानला जायचा. गिटारवर सुरेश शोट्टम, ड्रम्सवर त्यांचे भाऊ रमेश शोट्टम आणि गायला राधा थॉमस. रमेश शोट्टम पुढे जर्मनीत स्थायिक झाले आणि तालवादक म्हणून युरोपभर नावाजले गेले. राधा थॉमस जॅझ गायिका म्हणून आजही ओळखल्या जातात. एवढ्या ताकदीच्या बँडची त्या काळी एकही एलपी निघाली नाही. गायक मोठे झाले, वादक मोठे झाले, पण ज्या आवाजातून ते घडले तो आवाज ऐकायला मिळत नाही. याला अन्यायच म्हणावं लागेल.

कारण अगदी व्यवहारातलं होतं. त्या काळी रेकॉर्ड काढणं म्हणजे जवळजवळ एचएमव्हीचं दार ठोठावणं. पुढे पॉलिडॉर आली तरी खेळ दोन-तीन कंपन्यांपुरताच राहिला. कंपनीचा सारा धंदा चित्रपटगीतांवर. त्याखालोखाल शास्त्रीय संगीत, भजनं, नाट्यगीतं, भावगीतं. इंग्रजीत गाणाऱ्या देशी बँडची तबकडी घेणार कोण, हा प्रश्न व्यापाऱ्याच्या दृष्टीने रास्तच होता. मुळात इंग्रजी गाणी ऐकणारा ग्राहक खऱ्या बीटल्सची रेकॉर्ड मागायचा. स्टुडिओचा वेळ तासावर विकला जायचा आणि तो चित्रपटांसाठी आधीच अडकलेला असायचा. मग उरायचा एकच मार्ग. कुणाच्या तरी ओळखीने रात्री उशिरा स्टुडिओ मिळवायचा, नाहीतर घरच्या स्पूल टेपरेकॉर्डरसमोर दोन माइक ठेवून वाजवायचं आणि ती टेप घेऊन कंपनीच्या साहेबांना भेटायला जायचं.

त्या टेपला डेमो म्हणतात. विकण्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठी केलेलं कच्चं मुद्रण. त्यात चुका असतात, मधे कुणी खोकतं, गाणं संपल्यावर हशा ऐकू येतो. साहेब नाही म्हणाले की टेप परत घरी येते, ट्रंकेत जाते आणि मुलगा बँकेत, जाहिरात कंपनीत किंवा कॅनडाला जातो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर अशा ट्रंका उघडल्या जात आहेत. विस्मरणात गेलेल्या बँडची कधीच न निघालेली गाणी पन्नास वर्षांनी बाहेर येतात आणि त्या काळात जन्मलेलीही नव्हती अशी मुलं ती जिवापाड ऐकतात.

भारतातली यातली सगळ्यांत बोलकी गोष्ट मुंबईच्या ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ची. बासवादक कीथ कांगा यांनी हा बँड उभा केला. गायला मधुकर दास, गिटारवर नील चट्टोपाध्याय. सत्तरच्या दशकात मुंबईच्या क्लबांत आणि कॉलेजांत या बँडचं नाव होतं. त्यांची एलपी निघाली खरी, पण किती उशिरा! तबकडीचं नाव ‘ऑब्सेशन ७७’ आणि ती बाजारात आली १९८१ मध्ये. याच वर्षी एचएमव्हीने नाझिया हसनची ‘डिस्को दीवाने’ काढली होती. त्याच्या आदल्या वर्षी ‘कुर्बानी’तल्या ‘आप जैसा कोई’ने देश नाचवला होता. डिस्कोच्या त्या लाटेत चार वर्षं जुनी जड गिटार ऐकायला कुणाला सवड नव्हती. रेकॉर्ड आली, दुकानांच्या मागच्या फळीवर गेली आणि हळूहळू दिसेनाशी झाली.

तिचं दुसरं आयुष्य सुरू झालं परदेशात. जुन्या तबकड्यांच्या शोधात जगभर फिरणाऱ्या संग्राहकांच्या हाती ती पडली आणि तिच्या मूळ प्रतींना भलतीच किंमत येऊ लागली. अखेर लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन’ या कंपनीने २०११ मध्ये ती पुन्हा काढली. या कंपनीचे चालक इओथेन अलापट्ट ऊर्फ ‘ईगॉन’ हे वडिलांकडून मूळचे केरळचे. नव्या संचात जुन्या एलपीबरोबर पूर्वी कधीच न निघालेली मुद्रणंही होती, काही स्टुडिओतली, काही कार्यक्रमात वाजवताना केलेली. सोबत बँडचा इतिहास आणि छायाचित्रं. एलपीत जो बँड नीटनेटका आणि थोडा दबलेला वाटतो, तो या सुट्या टेपांमध्ये मोकळा सुटतो. डेमोंचं मोल इथे कळतं. कंपनीने कापूनछाटून बाजारात आणलेला आवाज एकीकडे आणि त्या मुलांना खरोखर काढायचा होता तो आवाज दुसरीकडे.

या गायकाची, मधुकर दास यांची, एक आठवण मराठी रंगभूमीच्या घराशी जोडलेली आहे. अलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतक केलं. त्यात दास येशू झाले आणि ज्यूडास झाला नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. ज्या घराने मराठी प्रेक्षकाला ‘झोपी गेलेला जागा झाला’सारख्या फार्सवर लोटपोट हसवलं, त्याच घरातून ‘वेल्वेट फॉग’ आणि ‘सॅव्हेज एन्काउंटर’ या बँडचा गायक बाहेर पडला.

नंदू भेंडे यांच्याबद्दल मराठीत अजून पुरेसं लिहिलं गेलेलं नाही. पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’वरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिलं. पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली १९७८ मध्ये ते रंगमंचावर आणलं. त्यात लावणी होती, नाट्यसंगीताची चाल होती आणि त्यांच्या शेजारी थेट रॉकही होतं. भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्याबरोबर या नाटकाच्या संगीतात नंदू भेंडे यांचा वाटा होता आणि ते रंगमंचावरही गात होते. ज्या प्रेक्षकाने हेंड्रिक्सचं नावही ऐकलं नव्हतं, त्याने पुण्यात बसून मराठी शब्दांतलं रॉक ऐकलं आणि टाळ्या दिल्या. पुढे १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’मधलं ‘कृष्णा धरती पे आजा तू’ त्यांच्या आवाजात घरोघरी पोचलं. २०१४ मध्ये ते गेले. श्रोत्यांना त्यांचा आवाज माहीत असतो तो या चित्रपटगीतामुळे. ऐन तारुण्यात, मुंबईतल्या बँडमध्ये ते काय आणि कसे गायचे, ते ऐकायचं तर पुन्हा त्याच दुर्मीळ तबकड्या आणि कुणाच्या तरी घरातल्या टेपा.

टेप किती वर्षं अंधारात राहू शकते याचा एक दाखला मुंबईतच आहे. १९७२ मध्ये ‘लेड झेपेलिन’चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये त्यांनी उसन्या वाद्यांवर वाजवलं, ही गोष्ट त्या पिढीतले लोक आजही रंगवून सांगतात. त्याच मुक्कामात त्यांनी बासरीवादक आणि संगीतकार विजय राघव राव यांच्या मदतीने मुंबईच्या वादकांचा ताफा जमवला आणि आपली दोन गाणी सारंगी, तबला, व्हायोलिन यांच्या साथीने मुद्रित केली. सारंगीवर सुलतान खान होते. प्रयोग अर्धवट राहिला. चोरट्या प्रती शौकिनांमध्ये फिरत राहिल्या. अधिकृतपणे ही मुद्रणं निघाली ती थेट २०१५ मध्ये, ‘कोडा’ या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत. जगातल्या सर्वांत श्रीमंत बँडांपैकी एकाची टेप ४३ वर्षं पडून राहू शकते, तर मुंबईच्या कॉलेजातल्या पोरांच्या टेपेची काय कथा!

दोन गोष्टी इथे थोडक्यात सांगायलाच हव्यात. मुंबईचे चरणजित सिंग हे चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीच्या नव्या कोऱ्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले आणि एचएमव्हीने ती एलपी काढली. विशेष खपली नाही. एडो बाउमन या डच संग्राहकाला तिची प्रत २००२ मध्ये दिल्लीत सापडली. २०१० मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली तेव्हा संगीताचे अभ्यासक चक्रावले, कारण अमेरिकेत पुढे ज्याला ‘अॅसिड हाउस’ म्हणून डोक्यावर घेतलं गेलं, तसाच आवाज या गृहस्थांनी काही वर्षं आधी मुंबईत काढून ठेवला होता. त्यानंतर सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात मंचावर वाजवायला गेले. २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं, पण आपलं काम जगाने ओळखलेलं त्यांनी पाहिलं. दुसरी गोष्ट अहमदाबादची. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवला. त्यावर गीता साराभाई, अतुल देसाई वगैरेंनी केलेले प्रयोग संस्थेच्याच ग्रंथालयात टेपांवर पडून होते. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांना ते २०१७ मध्ये सापडले आणि २०२३ मध्ये अल्बम होऊन निघाले.

सापडण्याच्या या कथांमध्ये घरच्या माणसांचा भाग मोठा असतो. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या ‘डेथ’ या बँडकडे पाहा. हॅकनी आडनावाचे तीन कृष्णवर्णीय भाऊ. १९७५ मध्ये त्यांनी सात गाणी मुद्रित केली. रेकॉर्ड कंपनीचे बडे अधिकारी क्लाइव्ह डेव्हिस यांना ती आवडली, पण बँडचं नाव बदला, अशी त्यांची अट होती. थोरल्या डेव्हिडने ती धुडकावली. भावांनी स्वतःच्या पैशांतून दोन गाण्यांच्या ५०० तबकड्या काढल्या आणि बाकी टेपा माळ्यावर गेल्या. डेव्हिड २००० मध्ये वारले. पुढे दुसऱ्या भावाच्या मुलाने कुठेतरी एक जुनं गाणं ऐकलं आणि हा तर आपल्या बाबांचा आवाज, म्हणून ओळखलं. २००९ मध्ये ती सात गाणी अल्बम होऊन निघाली. संगीताचे इतिहासकार मान्य करतात की पंक म्हणून पुढे गाजलेला आवाज हे भाऊ आधीच काढत होते.

आता पुन्हा मावळाकडे येऊ, कारण टेपेचा शोध आणि लोणावळा यांचा संबंध १९७१च्या उत्सवापुरता नाही. मुंबईतल्या सुखवस्तू घरांचे बंगले लोणावळा-खंडाळ्यात पूर्वीपासून आहेत. मुंबईच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून जुनं कपाट, जुना रेडिओग्राम, रेकॉर्डींची खोकी, मुलाच्या कॉलेजच्या दिवसांतलं सामान, सगळं या बंगल्यांच्या मागच्या खोलीत येऊन पडतं. ज्या वर्गातून त्या काळचे बहुतेक गिटारवादक आले, त्याच वर्गाचे हे बंगले. तेव्हा एखाद्या बँडची टेप महाराष्ट्रात कुठे असू शकेल, याचा अंदाज बांधायचा तर लोणावळ्याच्या बंगल्यांना वगळून चालणार नाही.

आणि टेपेला याहून वाईट घर शोधून सापडणार नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर हवा ओलीच राहते. भिंतींना शेवाळ, चामड्याला बुरशी, तशी टेपेलाही. टेप म्हणजे प्लास्टिकची लांब पट्टी आणि तिच्यावर चुंबकीय लोहकणांचा लेप. हे कण एका चिकट द्रव्याने पट्टीला धरून ठेवलेले असतात. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून बनलेल्या बऱ्याच टेपांमधलं हे द्रव्य हवेतलं पाणी शोषून चिघळतं. अशी टेप मशीनवर लावली की ती किंचाळत फिरते, यंत्राच्या हेडवर तपकिरी थर जमतो आणि त्या थरातच गाणं खरवडून निघून जातं. म्हणून जुनी टेप सापडल्याच्या आनंदात ती लगेच वाजवून पाहणं ही सर्वांत घातक गोष्ट.

तंत्रज्ञ आधी टेपेची जात ओळखतात. गुंडाळी उजेडासमोर धरायची. आरपार प्रकाश दिसला तर ती जुनी अॅसिटेटची टेप. तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला असेल तर तिचे दिवस भरत आले आहेत. उजेड अडला तर बहुधा पॉलिस्टर. चिघळलेली पॉलिस्टर टेप खास भट्टीत ५० ते ५५ अंश सेल्सियसला काही तास तापवतात. त्याने द्रव्यातलं पाणी उडतं आणि काही दिवस-आठवडे ती वाजवण्याजोगी होते. तेवढ्या मुदतीत मुद्रण संगणकावर उतरवून घ्यायचं. अॅसिटेटची टेप मात्र कधीही तापवायची नाही, ती वाकडी होऊन कायमची जाते. हा उपाय घरच्या ओव्हनमध्ये करून पाहण्यासारखा नाही, हेही इथेच सांगायला हवं.

उतरवून घेण्याचंही शास्त्र आहे. टेप कोणत्या वेगाने भरली, किती ट्रॅकवर भरली, हे कळल्याशिवाय आवाज खरा येत नाही. सात इंची स्पूलवर साधारण १२०० फूट टेप बसते आणि सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ती ३२ मिनिटं चालते. घरगुती यंत्रांवर टेप वाचवण्यासाठी याच्या निम्मा वेग वापरला जायचा. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय रीत अशी की मुद्रण ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर, कसलीही काटछाट न करता साठवायचं. तासाभराच्या स्टिरिओ मुद्रणाला सुमारे दोन जीबी जागा लागते, म्हणजे आजच्या फोनमधल्या एखाद्या चित्रपटाएवढी. खरखर काढणं, आवाज उजळणं हे सगळं नंतर आणि प्रतीवर. कॅसेटचं काम थोडं सोपं. तिच्या वरच्या कडेचे दोन कान आधी तोडायचे, म्हणजे चुकून वर दुसरं काही भरलं जाणार नाही. खोकं तडकलं असेल तर आतली टेप नव्या खोक्यात बसवता येते.

टेप वाचली की दुसरा गुंता सुरू होतो, मालकीचा. टेप ज्याच्या घरात सापडली तो त्या पट्टीचा मालक, गाण्याचा नव्हे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते घडवून आणण्याची जबाबदारी घेणाऱ्याकडे जातो. शब्दांचा हक्क कवीचा, चालीचा संगीतकाराचा, आणि वादक-गायकांचेही स्वतंत्र हक्क आहेत. ध्वनिमुद्रणाची मुदत ६० वर्षांची असली तरी ती मोजायची प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून. कधी प्रसिद्धच न झालेल्या डेमोची ही मोजणी सुरूच झालेली नसते. त्यात त्या काळचे बँड अर्धाअधिक वेळ हेंड्रिक्स किंवा जेथ्रो टलची गाणी वाजवत, म्हणजे परदेशी प्रकाशकाची परवानगीही आलीच. हे अवघड आहे, पण अशक्य नाही; ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’च्या बाबतीत ते झालेलं आहे. अडचण येते ती उशीर झाल्यावर. हयात वादकाची सही एका भेटीत मिळते. तो गेल्यावर परदेशात विखुरलेल्या वारसांना शोधण्यात वर्षं जातात.

महाराष्ट्रात या कामाचा पाया नाही असं नाही. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू केली. जुन्या ७८ गतीच्या तबकड्या, त्यांवरचे गायक, कंपन्यांच्या याद्या यांची नोंद या मंडळींनी पदरमोड करून केली. आपल्याकडे जुनी तबकडी टिकली ती अशा संग्राहकांमुळे. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवर पुस्तक लिहिताना चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या वादकांची मुद्रणं पुन्हा लोकांच्या कानांपर्यंत नेली. नाट्यसंगीत आणि जॅझ यांना असे कैवारी मिळाले. रॉकच्या बाबतीत मात्र आपण अजून परदेशी कंपन्यांच्या तोंडाकडे पाहतो. १९८८ मध्ये मुंबईच्या ‘रॉक मशीन’ने स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा अल्बम काढला आणि गिटारवादक महेश तिनाईकर यांच्यासारख्यांना देशभर ओळख मिळाली. तिथून पुढचा इतिहास तरी हाताशी आहे. त्याच्या मागची वीस वर्षं माळ्यांवर पडून आहेत.

मळवलीपुरतं बोलायचं तर कामाची सुरुवात कमी खर्चात होऊ शकते. १९७१ मध्ये वीस-पंचविशीत असलेली मावळातली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. मांडव कुणी घातला, वीज कुठून ओढली, लाउडस्पीकर कुणाचे होते, मुंबईची पोरं कुठे जेवली आणि कुठे झोपली, हे त्यांना विचारायला एक फोन आणि एक दुपार पुरते. लोणावळा, कामशेत, तळेगावच्या जुन्या माइकवाल्यांकडे, फोटो स्टुडिओवाल्यांकडे चौकशी करता येते. त्या काळी माइकवाला कधी कधी स्वतःच्या हौसेने कार्यक्रम टेप करून ठेवायचा. निगेटिव्हच्या डब्यात एखाद्या बँडचा चेहरा सापडू शकतो. बंगल्यांची साफसफाई करणाऱ्यांनी आणि भंगार घेणाऱ्यांनी चौकोनी, सात इंची पुठ्ठ्याची खोकी दिसली तर त्यांवरचं लिखाण वाचावं. त्या मुलांना खोक्याच्या कडेवर पेनाने बँडचं नाव, तारीख आणि गाण्यांची यादी लिहायची सवय असे. ‘ह्यूमन बाँडेज’, ‘वेल्वेट फॉग’, ‘सॅव्हेज एन्काउंटर’, ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’, किंवा नुसतं ‘मळवली ७१’ असं काही दिसलं, तर ते खोकं उन्हात ठेवू नये, वाजवून पाहू नये, कोरड्या कपाटात उभं ठेवावं आणि टेपा उतरवून घेणाऱ्या जाणकाराला गाठावं.